निर्णयार्थ सादर

मुलुंड पूर्वेला निवृत्त माणसांच्या दोन जाती आढळतात. सकाळी मैदानावर गोल करून मोठमोठ्यानं हसणारी एक, आणि या हसण्याला परवानगी कोणी दिली असं विचारणारी दुसरी. आमच्या सोसायटीचे अण्णा दुसऱ्या जातीतले. एका निमसरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढून ते हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं आणि येताना ट्रेझरी टॅगचं एक बंडलही आणलं, रीतसर पैसे भरून, पावती करून.

आपण आयुष्यात एकही काम अडवलं नाही, असं अण्णा शपथेवर सांगतात. आलेला प्रत्येक कागद त्यांनी पुढे सादर केला. पुढे म्हणजे कुठे, हे त्यांच्या कचेरीत कोणी विचारत नसे. सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी पाण्याच्या पंपासाठी तीन कोटेशनं मागवली. तिन्ही येईपर्यंत पहिल्याचा दर जुना झाला म्हणून पुन्हा तीन मागवली. मधल्या काळात आम्ही टँकर मागवत होतो. रिडेव्हलपमेंटचं तर विचारूच नका. तो विषय अण्णांच्या कपाटात सुखरूप आहे.

स्वतःच्या शरीराकडेही ते एखाद्या विभागाकडे पाहावं तसं पाहतात, आणि या विभागात गेली काही वर्षं तीन प्रकरणं प्रलंबित होती. हिरव्या फाइलीत उजवा गुडघा. पिवळ्या फाइलीत डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू. गुलाबी फाइलीत हर्निया, पण तिच्यावर विषय लिहिलेला नाही, नुसतं 'संकीर्ण' आहे. गुडघ्याची फाइल सगळ्यांत जाड. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. हा आकडा अण्णांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. त्याआधी ह्यांचा गुडघा दुखतच नव्हता, असं काकूंचं म्हणणं.

अखेर यंदा तिन्ही फायलींना तारखा पडल्या. गुडघा दिवाळीनंतर, कारण मुलगा बेंगळुरूहून येणार. मोतीबिंदू संक्रांतीच्या सुमारास. हर्निया सोयीनुसार. मेडिक्लेमवाल्यांशी पत्रव्यवहार झाला, वॉकर घरात आला आणि त्यावर टॉवेल वाळू लागले. आणि मग गुडघ्याआधीच्या तपासण्या लिहून देताना फिजिशियन सहज म्हणाले, "रात्री चार-चार वेळा उठता म्हणताय, तर पीएसएही बघून टाकू." चारच्या आत असावं असं रिपोर्टवर छापलेलं होतं. आलं ७.८. अण्णांनी दुसऱ्या लॅबमधून करून घेतलं, तिथे ७.४ आलं. कमी दर मिळाल्यावर होतो तसा किंचित आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

मग एमआरआय झाला, बायोप्सी झाली. सुईनं बारा तुकडे काढले, त्यांतल्या तिनांत सापडलं. प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन ३+४=७. हा शब्द अण्णा उच्चारत नाहीत. ते 'चौथी फाइल' म्हणतात. ती पांढरी आहे. स्टेशनरीवाल्याकडे रंग शिल्लक नव्हता, असा खुलासा त्यांनी न विचारता केला.

डॉक्टरांनी निकाल समजावून सांगितला तेव्हा मी सोबत होतो. मिनिआपोलिसच्या डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडलेली ही पद्धत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती विस्कटली आहे त्यावरून आकडा द्यायचा, सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या नमुन्याचा आकडा आधी, त्याखालोखालचा नंतर, मग दोन्हींची बेरीज. म्हणून ३+४चे सात हे ४+३च्या सातापेक्षा सौम्य. अण्णांनी चष्मा काढला.

"डॉक्टरसाहेब, बेरजेचा क्रम बदलला म्हणून रक्कम बदललेली मी पस्तीस वर्षांत पाहिली नाही. ऑडिटनं उभं केलं असतं."

"तुमच्या बाजूनंच बदललीय, अण्णा."

"ते ठीक. पण तत्त्वतः."

आजकाल बायोप्सीत सहाच्या खाली सहसा आकडाच देत नाहीत, हे कळल्यावर तर ते फारच अस्वस्थ झाले. सहापासून सुरू होणाऱ्या मोजपट्टीत काहीतरी गैरव्यवहार आहे, याबद्दल त्यांची खात्री पटली.

यानंतर तीन ठिकाणची मतं घेणं ओघानंच आलं. अण्णांनी फुलस्केप कागदाची डावी कड दुमडून तुलनात्मक तक्ता केला. पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं, रोबोटच्या मदतीनं ग्रंथी काढून टाकू. दुसऱ्यांचं, रेडिएशन देऊ. काही आठवडे रोज यायचं, शनिवार-रविवार सुट्टी, सोबत लागलीच तर काही महिने हार्मोन दाबणारी इंजेक्शनं, आणि प्रत्येक वेळी भरपूर पाणी पिऊन, मूत्राशय भरल्यावर टेबलावर झोपायचं.

"भरून थांबायला जमत असतं तर मी तुमच्याकडे आलो असतो का?" अण्णांनी विचारलं. तक्त्यात त्यांनी त्यापुढे 'अट जाचक' असं लिहिलं.

तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, या टप्प्यावर नुसतं लक्ष ठेवणं हाही एक मार्ग असू शकतो. ठरावीक महिन्यांनी पीएसए, मधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी. दर सगळ्यांत कमी, म्हणजे काम यांनाच द्यायला हवं होतं. पण अण्णांनी हयातभर जे केलं तेच केलं. एवढ्या कमी दरात काम कसं परवडतं, याचा खुलासा मागवला.

खुलासा माझ्या डॉक्टर भाच्यानं दिला. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर एक मोठी पाहणी झाली. कोणाची शस्त्रक्रिया, कोणाला रेडिएशन, कोणावर नुसतं लक्ष. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत मिळून या आजारानं दगावलेले शंभरात तीनसुद्धा नव्हते, आणि गटागटांत फारसा फरकही नव्हता. फक्त लक्ष ठेवलेल्यांत आजार पुढे सरकण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि त्यातले बहुतेकजण सुरुवातीला अण्णांपेक्षा सौम्य आजाराचे होते, हेही भाच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. अण्णांनी सगळं टिपून घेतलं, मग पेन्सिलीनं स्वतःच्या वयात पंधरा मिळवले.

"म्हणजे चौऱ्याऐंशी. तोवर रिडेव्हलपमेंट होईल?"

"तुमच्यावर आहे, अण्णा."

"मग नाही होणार," काकू आतून म्हणाल्या.

बिल्डिंगभर बातमी झालीच होती. दुधीचा रस, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया, कर्जतचे एक वैद्य, सगळं येऊन गेलं. मला गंमत वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. पांढऱ्या फाइलीबद्दल कोणी विचारलं की अण्णा गुडघ्याबद्दल बोलत. गुडघा आधी करावा की नंतर. आधी केला तर तीन महिने त्यात जाणार, नंतर केला तर तोवर चालायचं कसं. मोतीबिंदू मध्येच उरकावा का. हर्निया लांबवला तर अडकेल का. तासन् तास चाले हे, आणि यात पांढऱ्या फाइलीचं नाव एकदाही निघत नसे. मोठ्या भीतीला वळसा घालायला छोट्या काळज्यांचा रस्ता किती लांबवता येतो, ते अण्णांकडून शिकावं. एकदा काकूंचा संयम सुटला.

"अहो, तो गुडघा काय पळून जाणारे? चालता येत नाही म्हणूनच तर बदलताय ना त्याला?"

पण इथेच हा माणूस आपल्याला फसवतो. मी हसत होतो, सगळी बिल्डिंग हसत होती, आणि अण्णा प्रत्येक डॉक्टरला बाकीच्या तीन फायलींबद्दल प्रश्न विचारत होते. लेखी. 'आपल्या अखत्यारीतील शस्त्रक्रियेचा पुढील तीन विषयांशी संबंध येतो काय? असल्यास कसा?' वैतागून का होईना, डॉक्टर उत्तरं देत गेले, आणि संबंध निघाले.

लघवी मोकळी व्हावी म्हणून अण्णा वर्षभर टॅमसुलोसिनची गोळी घेत होते. ही गोळी डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचा पडदा ढिला करते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तो लपलपतो. २००५ साली अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. गोळी थांबवली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरला आधीच माहीत असलं की तो तयारीनिशी बसतो. अण्णांच्या डोळ्याच्या डॉक्टरला हे कोणीच सांगितलं नव्हतं. ते प्रोस्टेटचं औषध, डोळ्याच्या फॉर्मवर कशाला लिहा, असं कंपाउंडरनं ठरवलं होतं.

हर्नियाचं आणखी निराळं. दुर्बिणीतून आतल्या बाजूनं जाळी बसवली की तिथली जागा चिकटते, आणि पुढे प्रोस्टेट काढायची वेळ आली तर त्याच जागेतून जाताना सर्जनला जड जातं. उलट प्रोस्टेट काढायचीच असेल तर हर्निया त्याच बैठकीत दुरुस्त करता येतो. गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, लघवीत जंतू असताना आम्ही धातू बसवत नाही, रक्तातून जाऊन ते सांध्यावर ठाण मांडतात. तेव्हा बायोप्सीनंतर सगळं निवळू द्या. आणि हार्मोनची इंजेक्शनं लांबली तर हाडं विरळ होतात, तो निर्णय मला आधी कळवा.

हे सगळं अण्णांनी एका कागदावर आणलं. चार रकाने, चार ओळी, पताका अ ते ड, 'कृपया पृष्ठ १४ पाहावे'. रोबोटवाल्या सर्जननं तो कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"कार्यालयीन टिपणी आहे," अण्णा म्हणाले.

सर्जननं मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. चार तज्ज्ञांपैकी प्रत्येकानं आपापला अवयव पाहिला होता. चारही अवयव एकाच माणसाचे आहेत, याची नोंद फक्त या हेड क्लार्कच्या दफ्तरी होती. त्या दिवशी अण्णांनी मला रिक्षाचे पैसे देऊ दिले नाहीत.

अर्थात निर्णय झाला नाही. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसऱ्या नजरेसाठी द्यायचे ठरले. आकडा वाचणाऱ्या डोळ्यांवर बरंच अवलंबून असतं आणि ३+४ आहे की ४+३, यावर पुढचं ठरतं, असं डॉक्टर म्हणाले. 'फेरतपासणी' हा शब्द ऐकून अण्णा खुलले. १९४१ पासून चालत आलेल्या त्या इस्पितळातली केस नंबरांची आणि फायलींची शिस्त पाहून तर ते इतके भारावले की आपण कशासाठी आलोय हे अर्धा तास विसरले.

निकाल आणायला आम्ही लोकलनं निघालो. मुलुंडच्या फलाटावर नेमका दिव्यांग आणि कर्करुग्णांचा डबा समोर आला. आत जागा होती.

"अण्णा, चढा."

"अजून फेरतपासणीचा अहवाल आलेला नाही. तोपर्यंत मी पात्र ठरत नाही."

आणि ते शेजारच्या डब्यात चढले. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, त्या गुडघ्यावर उभे. एका मुलानं उठून जागा देऊ केली. "गुडघ्याचा त्रास आहे," असं त्याला सविस्तर सांगितलं, बसले मात्र नाहीत. फाइल छातीशी धरलेली होती. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची सवलत २०२०मध्ये बंद झाली, कर्करुग्णांची अजून चालू आहे, असं ते दादरला खिडकीकडे बघत म्हणाले. त्यावर काय बोलावं ते मला सुचेना.

निकाल तोच आला, ३+४. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण फाइल कपाटातही जाऊ देऊ नका. मोतीबिंदू आत्ता करून घ्या. ग्रंथी काढायची ठरली तर हर्निया त्यातच. गुडघा त्यानंतर काही महिन्यांनी. आणि नुसतं लक्षच ठेवायचं ठरलं तर गुडघ्याची दिवाळी पुन्हा धरता येईल. दोन आठवड्यांत कळवा.

परतीला परळच्या फलाटावर अण्णा स्वतःहून त्या डब्यासमोर उभे राहिले. मला 'सोबती' म्हणून आत घेतलं. बसल्या बसल्या त्यांनी डब्यातल्या प्रत्येकाकडे असं रोखून पाहिलं की एक धडधाकट कॉलेजकुमार दादरलाच उतरला. समोर कुबडी घेतलेले एक गृहस्थ होते. त्यांनी अण्णांचा गुडघा पाहिला, मग पांढरी फाइल.

"तुमचं काय? पाय, की ते दुसरं?"

अण्णांनी पहिल्यांदाच तो शब्द टाळला नाही. "दोन्ही. कॅन्सर आणि गुडघा. शिवाय डोळा आणि हर्निया. आधी कोणाला घ्यायचं ते ठरत नाहीये."

गृहस्थ थोडा वेळ विचार करून म्हणाले, "उतरायचं कुठे ते तरी ठरलंय?"

"मुलुंड," अण्णा म्हणाले. "पण मधला पूल घ्यायचा की पुढचा, ते नाहूर गेल्यावर बघू."