नानांचे पत्र

कोलकात्यात मराठी माणसाच्या आधी त्याची कीर्ती पोचलेली असते. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने इथे खंदक खणायला घेतला. आपले स्वार काही शहरापर्यंत आले नाहीत; पुढे खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला. त्याच रस्त्याने बसमध्ये लोंबकळत मी एका ग्रंथालयाकडे निघालो. घोडा नव्हता, पण खिशात मोडीवाचनाचे प्रमाणपत्र होते.

ग्रंथालयात जुन्या मराठी पत्रांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, नोंदीवाचून पडला होता. बंगाली मंडळींना आपले कागद काय कळणार, हा माझा कळवळा. वास्तविक इतिहासकार जदुनाथ सरकारांनी फारसीच्या जोडीने मराठीही शिकून घेतली होती. रियासतकार सरदेसायांशी त्यांचा पत्रव्यवहार अर्धशतकाहून अधिक चालला आणि ती पत्रे अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पण प्रमाणपत्रवाल्याने इतका मागचा विचार करायचा नसतो.

दारातच माझे शाईचे पेन काढून घेऊन हातात पेन्सिल ठेवली. मग हात धुवायला लावले. कागद उडतील म्हणून पंखा बंद. मे महिना, कोलकाता आणि पंखा बंद! कपाळावरचा घाम अठराव्या शतकावर पडू नये म्हणून मी मान मागे टाकून, दाढीला बसल्यासारखा वाचत होतो.

समोर नोंदणी करणारी मुलगी. इस्लामी इतिहासात एम. ए. पत्र उलगडताच मी खड्या आवाजात म्हणालो, ‘‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे!’’ तिचे डोळे विस्फारले. हा मायना मला पाठ होता, हे सांगायचे काही कारण नव्हते. त्यानंतर खरे पत्र सुरू झाले आणि वाचन बसले. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवत जातात. शब्द कुठे संपतो ते ज्याचे त्याने ठरवायचे. मला ‘नाना’, ‘पुणे’ आणि ‘सत्वर’ एवढे लागले. आणखी काय हवे? मी सांगितले, ‘‘प्रेषक : नाना फडणवीस. सारांश : तातडीची राजकीय आज्ञा.’’

‘‘आणि तारीख, जेठू?’’ जेठू म्हणजे थोरले काका.

तारखेच्या जागी काहीतरी अरबी होते. मोडीच्या वर्गात या सुहूर सनाच्या तासाला मी चहाला गेलो होतो. तरी अक्षरे लावून म्हटले, ‘‘सीत अशर मयातैन व अलफ.’’

तिने पेन्सिलीने पुटपुटत मांडले : सहा, दहा, दोनशे, हजार. १२१६. इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवले. १८१५.

‘‘नाना फडणवीस कधी गेले?’’

‘‘१८००,’’ मी म्हणालो. सनावळ्या माझ्या पक्क्या आहेत.

ती काही बोलली नाही. बंगाली माणूस गप्प बसतो तेव्हा फार लागते. मेल्यानंतर पंधरा वर्षांनी नानांना पुण्याहून सत्वर काय हवे होते, ते दुपारपर्यंत दोघांनी मिळून लावले : एक धोतरजोडी आणि गुडघ्यांना चोळायचे तेल. प्रेषकाच्या रकान्यात तिने लिहिले, ‘नाना (आडनाव नाही)’.

मग तिने पुढचे पत्र उलगडले. खाली कोणी ‘तात्या’ होते. तिने माझ्याकडे पाहिले.

‘‘यांना मी ओळखत नाही,’’ मी घाईघाईने म्हणालो.