तुलसीची ख्यालीखुशाली

काबूलच्या शहर-ए-नव भागातल्या त्या हॉटेलात शिरताना दोनदा झडती झाली. फाटकावर कलाश्निकोव्हच्या चित्रावर फुली मारलेली पाटी. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशा लोकांनी बंदुका काढून ठेवलेल्या. साल 2007. पुल-ए-खुमरीहून काबूलला वीज आणण्याचं भारताचं काम चाललं होतं आणि मी त्यात हिशेबनीस होतो.

शाकाहारी आहे म्हटल्यावर वेटरने काबुली पुलावातलं मटण वेचून बाजूला केलं आणि उरलेली गाजरं-बेदाणे मोठ्या प्रेमाने पुढे सरकवले. मी मुकाट्याने बटाट्याची बोलानी मागवली.

तेवढ्यात कोपऱ्यातले कमांडरसाहेब उठले. छातीपर्यंत दाढी, मागे दोन अंगरक्षक. थेट माझ्याकडेच! अशा वेळी काय करायचं हे कंपनीने शिकवलं होतं. तोंडात गरम बटाटा असताना काय करायचं, हे राहून गेलं होतं.

"हिंदुस्तानी?"

मी मान हलवली. खुर्ची ओढून, पेशावरला निर्वासित असताना शिकलेल्या उर्दूत ते हळूच म्हणाले, "तुलसी का आगे क्या होता है?"

'क्योंकि सास भी कभी बहू थी' तेव्हा तोलो टीव्हीवर दरी भाषेत लागायची. देवांच्या मूर्ती तेवढ्या धूसर केलेल्या, त्यामुळे तुलसी रोज भक्तिभावाने धुक्याला हात जोडायची. पुढच्या वर्षी सरकारने हिंदी मालिका बंद करायचं फर्मान काढलं, तरी तोलोने तुलसीला हलू दिलं नाही. शहाणा निर्णय. प्रेक्षक कोण होते ते मी पाहिलं होतं.

मी स्वतः एक भागही पाहिलेला नव्हता. पुण्याला फोन लावला.

"अहो, जेवलात का?"

"जेवतोय. तुलसीचं पुढे काय होतं गं?"

"तुम्हाला कधीपासून हा नाद?"

"इथे एक गृहस्थ विचारतायत."

"कसले गृहस्थ?"

मी दाढीकडे पाहिलं. "सिक्युरिटी लाइनमधले."

मग आंतरराष्ट्रीय दराने तिने विराणींच्या तीन पिढ्या उलगडल्या. मी मोडक्या हिंदीत पुढे सांगत होतो. अंगरक्षक दारावरची नजर सोडून माझ्या खांद्यावर वाकले होते. तुलसी पोटच्या पोराला, अंशला, गोळी घालते इथपर्यंत आलो आणि कमांडरसाहेबांचा ग्रीन टी ओठांपाशीच थांबला.

"माँ ने? बेटे को?"

"जी."

त्यांनी पेला खाली ठेवला, दोघा अंगरक्षकांकडे पाहिलं आणि अतिशय व्यथित होऊन म्हणाले, "शरीफ लोगों के घर में बंदूक का क्या काम?"