केडगावच्या बाई

"काय बाई, काल दिवसभर दाराला कुलूप?"

"केडगावला गेले होते गं, मुक्ती मिशन बघायला. न्हावऱ्यावरून चौफुला, की आलंच. इतकी वर्षं इतिहास शिकवला आणि इतक्या जवळचं बघायचं राहून गेलं."

"ते पंडिता रमाबाईंचं? आमच्या सासूबाई म्हणायच्या, त्या बाईनं चांगल्या घरच्या पोरी बाटवल्या."

"सासूबाईंचं काय घेऊन बसलीस? १८९३ साली पुण्यात हेच चाललं होतं. 'केसरी'नं तर पिच्छाच पुरवला. रमाबाईंनी विधवा पोरींसाठी शारदा सदन काढलं, आधी मुंबईत, १८८९ ला. मग ते पुण्यात आणलं. पैसा अमेरिकेतला, आणि शब्द असा की पोरींना धर्म शिकवायचा नाही. ज्यानं त्यानं आपलं सोवळं पाळावं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेला बसायच्या आणि दार उघडं ठेवायच्या."

"आणि पोरी आत!"

"काही जायच्या. रानडे, भांडारकर सल्लागार होते, ते बाहेर पडले. आईबाप पोरी घेऊन गेले."

"दार लावायला काय झालं होतं?"

"त्या बाईला कोण सांगणार? रानड्यांचंही अगदीच चुकलं नाही हां. शब्दावर पोर पाठवायची आणि हे ऐकायचं! पण त्याच सदनातली गोदूबाई त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. ती कुठं बाटली?"

"मग चर्चवाले तरी खूश असतील."

"कसले खूश! गंमत तर तिथंच आहे. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडात, वाँटेजच्या मठात राहून बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टरांना वाटलं, आता ही आपल्या ओंजळीनं पाणी पिणार. ही शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको. क्रूसावर लॅटिन अक्षरं, तर म्हणे संस्कृत काय वाईट? पुरुषांना शिकवायचा विषय निघाला, तर इथल्या बिशपांनी तिकडं हरकत कळवली. बाईमाणूस आणि पुरुषांना शिकवणार? मठातल्या सिस्टर जेराल्डिन पत्रातून कान उपटायच्या, आणि ही पानंच्या पानं उलट वाद घालायची. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्रैक्यसुद्धा आधी पटवा म्हणे."

"अगं बाई! धर्म घेतला तरी वाद आहेच का?"

"त्यांच्यात ही जाब विचारायची शिस्त जुनी. पंथ वेगळा, पण जिनेव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिननं पाद्री आणि पंचांची बैठकच बसवली होती, दर गुरुवारी. प्रवचनाला कोण आलं नाही, कोण नाचलं, कुणाचं नवऱ्याशी पटत नाही, सगळ्याची झाडती. जवळजवळ पाचशे वर्षं झाली त्याला."

"म्हणजे आपली भावकीच की!"

"भावकी निदान चहा पाजते."

"आणि केडगावात? तिथं कुणाचं चालायचं?"

"बाईंचं! दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी पोरी शोधून आणल्या. पुढं दोनेक हजार जणी झाल्या. विणकाम, तेलघाणी, छापखाना. हिब्रू, ग्रीक शिकून बायबलचं सोपं मराठी केलं आणि छपाईचे खिळे जुळवायला याच पोरी. तिथं मात्र आडपडदा नव्हता, सगळं उघड ख्रिस्ती. अमेरिकेतल्या त्या बॉस्टनवाल्यांची कबूल केलेली दहा वर्षांची मदत संपली, तशी ती अटही गेली."

"म्हणजे आता उघड्या दाराचा प्रश्नच नाही, घरच त्यांचं."

"बरोबर धरलंस. मलाही तेच खटकतं. अन्नावाचून मरायला टेकलेल्या पोरीला जो भाकरी देईल, त्याचाच देव ती मानणार. तिनं निवडलं असं कसं म्हणायचं? पण बिशपापुढं न वाकलेली बाई त्या दुष्काळात पायपीट करत होती, हेही खरंच ना? दोन्ही सांगावं लागतं."

"आमच्या सासूबाईंना हे सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं होतं की. वर्षभर माझ्याकडचं विरजण नेलं नाही त्यांनी."