ओहमकाका

आमच्या सोसायटीत ओहमकाका नावाचे गृहस्थ आहेत. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी फक्त कुरिअरवाला वाचतो. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर पुण्यात माणूस भजन, योगासनं किंवा सोसायटीची कमिटी यांपैकी एक निवडतो. काकांनी गाडीतली सिस्टीम निवडली. स्वतःच्याच नव्हे, पार्किंगमधल्या यच्चयावत गाड्यांतली.

नवी गाडी आली की ते पेढा घ्यायला खाली येतात आणि पेढा तोंडात असतानाच विचारतात, "आरएमएस किती?" गाडीवाला भाबडेपणाने मायलेज सांगतो.

बी विंगमधल्या एका पोराने दारात बसवायचे नवे स्पीकर आणले. खोक्यावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत ३०० वॅट. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खोकं उलटं केलं आणि जिथे एमआरपी आणि आयातदाराचा पत्ता दडवतात, तिथून आरएमएस ५० हा आकडा शोधून काढला.

"हा खरा. ३०० म्हणजे पीक, क्षणभराचा झटका. सतत किती पेलतो ते बघावं."

माणसांनाही ते हाच काटा लावतात. पुतणीचं स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाकडच्यांनी पॅकेज अठरा लाख सांगितलं. काका म्हणाले, "ते पीक झालं. दरमहा हातात किती?" लग्न झालं, पण जावई अजूनही काका दिसले की आपणहून टीडीएस वजा करून बोलतो.

पोराने विचारलं, "काका, अँप न घेता टेपवरच चालवले तर? कमी वॅट म्हणजे स्पीकर सेफ."

इथे काकांनी पार्किंगमधली प्लास्टिकची खुर्ची ओढली. त्यांनी खुर्ची ओढली की जाणत्या माणसाने फोन आल्याचं निमित्त करून निघावं. पोरगं नवखं होतं.

"टेपवर ५० गुणिले ४ छापलंय ना? सतत मिळतात पंधरा-वीस. हळू वाजवलंस तर स्पीकरला काही होत नाही, जन्मभर वाजव. पण तू हळू वाजवणार आहेस का? तू व्हॉल्यूम पिळणार. अँपची ताकद संपली की लहरीचे शेंडे छाटले जातात, गोल लहर चौकोनी होते. मग ५० वॅटचा अँपसुद्धा १०० वॅटच्या आसपास ओतायला लागतो. कॉइल तापते, वास येतो, आणि तू दुकानदाराशी भांडायला जातोस. स्पीकर ५० चा असेल तर अँप ५० ते ७५ चा घे, तोही चार ओहमवर, आरएमएस. आणि पिळू नकोस."

"मग १०० चा घेतो. दुप्पट आवाज."

"दुप्पट वॅटला तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात, म्हणजे ५००. तेवढ्यात तुझी बॅटरी, अल्टरनेटर आणि आई, तिघं बसतील."

ही गोष्ट मात्र त्यांनी लाखमोलाची सांगितली, आणि कुठल्याही दुकानात ती फुकट मिळत नाही.

पोरगं तापकीर गल्लीतून अँप घेऊन आलं. गेनचं बटण म्हणजे दुसरा व्हॉल्यूम समजून त्याने ते टोकापर्यंत फिरवलं होतं. काकांनी ते शून्यावर आणलं, स्पीकरच्या वायरी काढल्या, ५० हर्ट्झचा सूर लावला आणि मल्टिमीटरची टोकं अँपला टेकवली. ५० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१, तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत गेन केसाकेसाने वाढवला. स्पीकर सुटे, त्यामुळे आवाज काहीच नाही. तरी काका डोळे मिटून मान डोलावत होते. एवढी दाद मी त्यांना सवाई गंधर्वलाही देताना पाहिलेलं नाही.

आणखी एका गाडीच्या डिक्कीत चार-चार ओहमचे दोन वूफर होते, पॅरलल जोडलेले. दोनाचे झाले दोन ओहम. त्यांचा अँप ब्रिज केलेला, आणि ब्रिजवर चारच्या खाली चालत नाही असं त्याच्या अंगावरच लिहिलेलं. लाल दिवा लागून तो दर पाच मिनिटांनी बंद पडत होता. "बंद पडतो म्हणून वाचतोय," काका म्हणाले. मग बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज नाही हे दिसलं, आणि त्यानंतर ते जे बोलले ते वीज मंडळाच्या कुठल्याही परिपत्रकात नाही.

एवढा जाणता माणूस, तर त्यांच्या स्वतःच्या गाडीत काय वाजत असेल? काही नाही. सूर, शिट्ट्या, खरखर. चाचण्या चालू असतात. काकू पदरमोड करून पेन ड्राइव्ह भरून घेतात आणि तो डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहतो.

गेल्या महिन्यात साताऱ्याला निघालो तेव्हा काकूंनी अखेर गाणं लावलं. आवाज सुरेख होता, खोटं कशाला बोला. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि काकांचे कान टवकारले. "ऐकू येतंय? ॲक्सिलरेटरबरोबर शिट्टी चढतेय."

"अहो, ती बासरी आहे," काकू म्हणाल्या.

"बासरी आरपीएमबरोबर चढते?"

खेड शिवापूरला त्यांनी गाडी बाजूला घेतली, पायाखालची मॅट उचलली आणि गालिचा सोलायला घेतला. सिग्नलची वायर आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने, एकमेकींना चिकटून नेली होती. आम्ही समोर वडापाव खाल्ले, चहा घेतला, परत चहा घेतला. काकूंनी त्यांच्यासाठी दोन वडापाव बांधून घेतले आणि साताऱ्याच्या बहिणीला फोन लावला, "जेवायला नको धरूस, संध्याकाळच्या चहाला पोचतो बहुतेक."