खून तोच, गाव आपलं

रहस्यकथा वाचताना खुनी कोण याचा अंदाज बांधणारे वाचक पुष्कळ असतात. नानांची जात वेगळी. हा खून बडोद्यात कुठे बसेल, याचा शोध ते पहिल्या पानापासून घेतात. तिकडे शेरलॉक होम्स बेकर स्ट्रीटवर पाइप पेटवत असतो, तोवर इकडे नानांनी त्याला दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर भाड्याची खोली मिळवून दिलेली असते. घरमालकाला धुराचं वावडं, म्हणून पाइपच्या जागी सुपारी येते. व्हायोलिनऐवजी हार्मोनियम येतं आणि तेही शेजाऱ्यांच्या सोयीने संध्याकाळी सात ते आठ.

नाना वीज खात्यातून निवृत्त झाले. अंधार नेमका कधी पडेल हे आपल्याइतकं कुठल्याच लेखकाला ठाऊक नाही, असं ते सांगतात. त्यांना हा नाद लागला तो १९९३ साली. दूरदर्शनवर बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ सुरू झाला आणि रजित कपूर धोतर नेसून खुनी पकडू लागला. “बंगाल्यांना जमतं, तर आपण काय घोडं मारलंय?” असं म्हणून नाना उठले. घरात बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स होता आणि खात्याच्या कोऱ्या वह्याही होत्या. ‘बास्करव्हिलच्या कुत्र्या’वरून ‘बीस साल बाद’ निघाला, त्यात कुत्रा गेला, गाणी आली आणि १९६२ साली तो तुफान चाललाही, हे उदाहरण ते अजून सगळ्यांच्या तोंडावर फेकतात. त्यांचं सूत्र एकच: खून तोच ठेवायचा, गाव आपलं घ्यायचं.

पण गाव आलं की गावाचे कायदेही येतात. ‘साइन ऑफ फोर’मध्ये होम्स एका घड्याळाच्या चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बघतो आणि मालक दारुडा होता हे ओळखतो. बीबीसीने २०१० साली होम्सच्या आधुनिक मालिकेत तीच युक्ती मोबाइलच्या चार्जरच्या जागी वापरली. नानांनी ती स्कूटरच्या कुलपावर आणली. वाचन ऐकायला जमलेल्या आम्हा मंडळींत एक निवृत्त फौजदार होते. ते म्हणाले, “नाना, गुजरातेत दारूबंदी आहे. या माणसाकडे परमिट होतं का? नसेल तर पहिला गुन्हा तोच.” पुढचे दोन भाग परमिटात गेले. शेवटी नानांनी स्कूटरवाल्याला मोतीबिंदू करून टाकला. त्यामुळे तो निर्व्यसनी ठरला, पण खुनाशी त्याचा संबंध उरला नाही.

बीबीसीवर नानांचा राग आहे तो वॉटसनमुळे. मूळ कथेतला वॉटसन अफगाणिस्तानच्या लढाईत जखमी होऊन परततो. सव्वाशे वर्षांनी मालिकेत ती कथा आधुनिक केली, तरी तो अफगाणिस्तानातूनच परतला. “या इंग्रजांना युद्धसुद्धा तयार मिळतं!” नाना कळवळून म्हणतात. “आणि मी एक गोष्ट आजची करायला घेतली की आजच बदलतो.”

हे मात्र खरं आहे. नानांच्या एका कथेचा सगळा डोलारा तारेवर उभा होता. मध्यरात्री तार येते, तीत एक शब्द कमी असतो, वगैरे. जुलै २०१३मध्ये सरकारने तारसेवाच बंद केली. नानांनी दोन दिवस दाढी केली नाही. मग त्यांनी रावपुऱ्यात एक ब्लॅकमेलर वसवला आणि त्याची लोखंडी ट्रंक हजाराच्या नोटांनी गच्च भरली. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री टीव्हीसमोर बसल्याबसल्या त्या ट्रंकेची रद्दी झाली. “आता तो मेला बँकेच्या रांगेत उभा राहणार का?” नानांच्या पत्नी माईंनी विचारलं. नानांनी तेही लिहून पाहिलं. रांगेत ब्लॅकमेलरच्या मागे त्याने नाडलेले सगळे जण ओळीने उभे राहिले, गप्पा निघाल्या, आणि त्याचं भांडं खिडकीपर्यंत पोचण्याआधीच फुटलं. पुढे एका कथेत तोंडावर फडकं बांधलेला अनोळखी इसम आणला, तर २०२०मध्ये सगळं गावच तोंड बांधून हिंडू लागलं.

तरी कुत्र्याच्या जागी मगर, ही कल्पना बिनतोड होती. डेव्हनच्या पाणथळ माळाऐवजी विश्वामित्रीची कोतरं, अमावास्या, आणि पाण्यातून वर येणारी, अंगाला चमकणारं रसायन फासलेली अजस्र मगर! नानांनी हा प्रसंग दिवे घालवून वाचला. दिवे लागल्यावर पाहतो तर कोणाच्याही कपाळावर घाम नव्हता. “मगर आली तर वनखात्याला फोन करायचा,” शेजारच्या शाळकरी पोराने सांगितलं. “आमच्या मामांच्या सोसायटीत दर पावसाळ्यात येते. त्यांची पोरं येऊन घेऊन जातात. रसायन पुसून सोडतील ने?” ऑगस्ट २०२४च्या पुरात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरला, तेव्हा नाना एवढंच म्हणाले, “फुटलं रहस्य.”

खरी अडचण मगरीचीही नव्हती. होम्सला लागतं लंडनसारखं शहर, जिथे शेजारच्या खोलीत कोण राहतो हे कोणाला माहीत नसतं. आमच्या पोळात नवखा माणूस शिरला की त्याला ओट्याओट्यावर “कोणाकडे?” विचारतात, आणि तो दारात पोचण्याआधी तो कशाला आलाय हे मागच्या खिडकीत कळलेलं असतं. नानांचा डिटेक्टिव्ह भिंग काढून बुटाचे ठसे मोजत असतो, तेवढ्यात माई कणीक मळता मळता सांगतात, “अहो, तो जावई आहे त्यांचा. सासऱ्याशी बोलत नाही. दुकानाच्या वाटणीवरून.” माईंना तिसऱ्या पानापलीकडे वाचून दाखवायचं नाही, असा नानांनी घरात नियमच केला आहे.

अंधेरीत एका निर्मिती संस्थेत नानांचा भाचा काम करतो. त्याने वह्या मागवल्या आणि आधुनिक टेलिव्हिजन म्हणजे काय ते मामाला समजावलं. खुनी पहिल्याच भागात दाखवायचा. डिटेक्टिव्हच्या मनावर जुनी जखम हवी. बालपणी काहीतरी भयंकर घडलेलं पाहिजे. नाना दुखावले. “माझ्या डिटेक्टिव्हचं बालपण उत्तम गेलंय. कमाटीबागेत खेळलाय तो. त्याच्या आईला काय वाटेल?”

मग त्यांना उपरती झाली. जे होऊन गेलं ते कोणी बदलू शकत नाही, तेव्हा बडोद्याचाच जुना गुन्हा घ्यावा. ९ नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून येतो आणि रोजचं पपनसाचं सरबत उचलतो. दोन-तीन घोटांत मळमळतं, तो उरलेलं ओतून देतो. पेल्याच्या तळाशी गाळ असतो. डॉक्टर तपासतो, तर सोमल आणि हिऱ्याची पूड! “हिऱ्याची?” माई दचकल्या. नानांचं वाचन ऐकून त्या पहिल्यांदाच दचकल्या होत्या. तपासाला मुंबईचे पोलीस येतात, रावजी हवालदाराच्या पट्ट्यात पुडी सापडते, आळ थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर जातो. बचावाला लंडनहून बॅलंटाइन वकील उतरतात. सहा जणांचं कमिशन बसतं. तिघे इंग्रज म्हणतात, दोषी. शिंदेसरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव म्हणतात, सिद्ध झालेलं नाही. सरकार तरीही गैरकारभाराचं कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत करतं आणि मद्रासला धाडतं.

“मग विष घातलं कोणी?” फोनवर भाच्याने विचारलं.

“तीन विरुद्ध तीन.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग भाचा ओरडला, “मामा, दुसरा सीझन!”

पंधरा दिवसांनी वाहिनीचं म्हणणं आलं. गोष्ट फार आवडली. फक्त काळ आजचा करू, आणि गाव गुरुग्राम. रेसिडेंटच्या जागी कंपनीचा परदेशी साहेब, महाराजांच्या जागी बिल्डर.

नाना संतापाने थरथरत होते. “गायकवाडांचा खटला गुरुग्रामात? अरे, मातीचा काही संबंध असतो की नाही? उचललं गाव आणि ठेवलं दुसरं, ही काय पद्धत झाली?”

माई शेंगा निवडत होत्या. “होम्स राहिलाच ना इतकी वर्षं दांडिया बाजारात? एका शब्दाने बोलला नाही बिचारा.”

नाना त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी सहाला मात्र त्यांनी भाच्याला फोन लावला आणि आवाज शक्य तितका कोरडा ठेवून विचारलं, “काय रे, त्या गुरुग्रामात पपनस मिळतं का?”