तुमचा स्पीकर गेलाय

मीरा रोडला राहून मूकपटांचा नाद लागणं म्हणजे मासळीबाजारात ध्यानाला बसणं. परवा भाईंदर लोकलला खिडकी मिळाली (असला चमत्कार पौराणिक चित्रपटातही दाखवत नाहीत) आणि फोनवर दादासाहेब फाळक्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ लावला. त्यांची चिमुकली लेक मंदाकिनी कृष्ण होऊन पाण्यात नागाशी झुंजतेय. माझ्या समोर क्रिकेटची कॉमेंटरी, पाठीमागे सासू-सुनेची मालिका, दोन्ही इअरफोनविना. शेजारचे काका बोरिवलीपर्यंत माझ्या फोनकडे बघत होते. शेवटी कळवळून म्हणाले, “तुमचा स्पीकर गेलाय. स्टेशनबाहेर दुरुस्त करून देतात.”

मग मलाही चेव आला. म्हटलं, काका, १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’त काम करायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम तेच, सीताही तेच.

“मग घरात भांडण नसेल,” काका म्हणाले. समीक्षकांना हे सुचलं नव्हतं.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले अगदी मोजके. आपल्या फोनमधले ‘शुभ सकाळ’चे गुलाब मात्र प्रलयातही शाबूत राहतील.

मीरा रोडला उतरलो. खिडकीतून काका काहीतरी सांगत होते. गर्दीच्या गोंगाटात ओठ तेवढे हलताना दिसले. मी संवादाची पाटी यायची वाट बघत उभा राहिलो.