ड्रॉइंगचे सर

ड्रॉइंगचे सर शाळेतून निवृत्त झाले, डिझाइनच्या तत्त्वांतून व्हायचे राहिले. एलिमेंटरी-इंटरमीडिएटच्या पोरांना संकल्पचित्र शिकवता शिकवता तोल, लय, प्रमाण, विरोध त्यांच्या अंगात इतके मुरले, की भेटलेल्या माणसाला ते ‘कसं काय?’ विचारत नाहीत. ‘नजर आधी कुठे जाते?’ असं विचारतात.

लग्नपत्रिका घेऊन जाणाऱ्याची तर खैर नाही. सर ती हातभर लांब धरतात, डोळे किलकिले करतात.

“नजर आधी कुठे जाते?”

“वधूवरांच्या नावाकडे?” वरपिता चाचरतो.

“छे! ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ इथे जाते. लाल, तिरकं, भोवती फुगे. लग्न कोणाचं आहे, मामाचं की भाच्याचं? आणि मुहूर्त कुठाय?”

मुहूर्त व्यवस्थापकांच्या नावांखाली सापडतो. भिंगातून.

सरांच्या मते सगळ्या कला एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकल्या. सोसायटीतला मुलगा तबला शिकतो म्हटल्यावर त्यांनी त्याला जिन्यात गाठलं. “तीनतालाच्या मात्रा १६. नवव्या मात्रेला खाली. ही खाली म्हणजेच चित्रातली मोकळी जागा. ती भरून टाकलीस, तर सम उठेल कशी?” मुलाला दही आणायला पाठवलं होतं. पैठणी नेसून निघालेल्या बाईंनाही, अंग शांत आहे म्हणून पदर बोलतो, हे ऐकून घ्यावं लागलं. सरांचं सगळं बरोबर असतं, हीच पंचाईत. चुकत असते तर लोकांनी वाद घातला असता. आता नुसते टाळतात.

घरी काकू पान वाढतात. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण. सर भारावतात. “बघ, डावीकडची चिमूटभर चटणी उजवीकडच्या एवढ्या भाजीला तोलून धरते. रंगाने, चवीने! जर्मनीत १९१९ साली बाउहाउस निघालं, तिथे विणकर, सुतार, चित्रकार सगळ्यांना आधी एकच पाया शिकवायचे…”

“त्यांची कढी निवत नसेल,” काकू म्हणतात.

पण सरांना खरा वैरी भेटला तो चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानात. भावी नगरसेवकाचा वाढदिवस, खाली ४२ शुभेच्छुक. दुकानदार सरांचाच विद्यार्थी.

“तीस चेहरे काढ. श्वास घेऊ दे फलकाला.”

“सर, प्रत्येकाने वर्गणी दिलीय. ज्याची जास्त, त्याचा फोटो मोठा.”

सर थबकले. जे महत्त्वाचं ते मोठं, हे त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. पोराने एवढं चोख पाळलेलं पाहून त्यांना रागावताही येईना. तेवढ्यात तो म्हणाला, “सर, तुमचाही टाकतो की! मार्गदर्शक म्हणून. फुकट.”

मोकळ्या जागेबद्दल त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही. सरांनी एकच आक्षेप घेतला. त्यांचा फोटो उजव्या कडेला होता आणि ते फलकाबाहेर, उसाच्या गुऱ्हाळाकडे बघत होते. “कडेच्या चेहऱ्याने आत बघावं. नाहीतर नजर निसटते.” पोराने फोटो उलटा केला.

चौकात आता सर ४३वे आहेत. भांग भलत्या बाजूला, शर्टाचा खिसा उजवीकडे. नजर मात्र आत, थेट भावी नगरसेवकाच्या गॉगलकडे.